घरच्या सोलरला बॅटरी लावावी का? (दापोली तालुका, समुद्राजवळचं घर)

किनारवाडी
नमस्कार मंडळी. केळशीच्या बाजूला आमचं घर आहे. पुढे कौलारू, मागच्या दोन खोल्यांवर स्लॅब. त्या स्लॅबवर सोलर बसवायचं नक्की झालंय. महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिट पडतात, मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईची मंडळी आली की तीनशेच्या वर जातात. विहिरीवर एक एचपीचा पंप आहे, फ्रिज आहे, एसी नाही. एक विक्रेता म्हणतो तीन किलोवॅट ऑन-ग्रिड, म्हणजे थेट महावितरणच्या लाइनला जोडलेलं घ्या, बॅटरी कशाला? दुसरा म्हणतो बॅटरीशिवाय सोलर म्हणजे पैसे पाण्यात. दोघांच्या आकड्यांत बराच फरक आहे. कुणाचं ऐकावं?

जांभाचिरा
ताई, नुसतं बिल कमी करायचं असेल तर पहिल्याचं ऐका. नेट मीटरिंगमध्ये दुपारी लाइनवर गेलेलं युनिट तुमच्या नावावर जमा होतं आणि रात्रीच्या वापरातून वजा होतं. तेच युनिट बॅटरीत भरून परत काढलं तर वाटेत दहा-पंधरा टक्के गळतं, शिवाय बॅटरी झिजते ती वेगळीच. म्हणजे आजच्या नियमांत बॅटरी बिलातून पैसे वसूल करून देत नाही.

कोकणासाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जमा युनिटांचा हिशोब ३१ मार्चला बंद होतो. उरलेली युनिटं महावितरण विकत घेतं, पण आपण ज्या भावाने वीज घेतो त्यापेक्षा बऱ्याच कमी भावाने. एप्रिल-मे मधली शिल्लक मात्र जून ते ऑगस्टच्या मळभात कामी येते. त्या महिन्यांत उत्पादन निम्म्यावर येतं, कधी त्याहूनही खाली. म्हणून उन्हाळ्यात सिस्टिम सुरू होईल असं बघा.

तीन किलोवॅटही मला जास्त वाटतात. एक किलोवॅट चांगल्या उन्हात दिवसाला चार युनिट देतो. तुमच्या वापराला दोन किलोवॅट जवळपास पुरतील. स्थिर आकार तसाही भरावाच लागतो, त्यामुळे बिल शून्य होईल या आशेने पॅनेल वाढवू नका. १०० च्या आणि ३०० च्या वरच्या युनिटांचा दर चढा असतो, तेवढी वरची युनिटं खाली आली की खरी बचत झाली.

श्रीवर्धनचा_दादा
हिशोब बरोबर, पण अर्धा. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःहून बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला करंट लागू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. म्हणजे भर दुपारी ऊन कडक असलं तरी घर अंधारात. हे कुठलाही विक्रेता आपणहून सांगत नाही.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ आठवा. आमच्याकडे खांबच्या खांब आडवे झाले होते, वीज यायला कित्येक दिवस लागले. वादळानंतर आभाळ उघडलं, छपरावर ऊन होतं. पण ज्याच्याकडे नुसतं ऑन-ग्रिड होतं त्याला त्या उन्हाचा काही उपयोग नव्हता. घरचा साधा इन्व्हर्टरही पहिल्या रात्रीनंतर संपतो, कारण तो लाइनवरच चार्ज होतो. हायब्रिड, म्हणजे लाइन, पॅनेल आणि बॅटरी तिन्हींवर चालणारा इन्व्हर्टर असेल तर सकाळी पॅनेलवर बॅटरी पुन्हा भरते. माझ्या मते या पट्ट्यात बॅटरी हवीच.

जांभाचिरा
दादा, वादळ रोज येत नाही. झावळी तारेवर पडून दोन-चार तास लाईट जाणं हे नेहमीचं. त्याला १५० एएचची (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) एक ट्युब्युलर बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर पुरतो. चार दिवे, दोन पंखे, वायफाय एवढंच ठेवलं तर चार-पाच तास आरामात निघतात.

म्हणून ताई, आधी एक सांगा. लाईट गेल्यावर तुमच्या घरात काय चालू राहायलाच हवं? बॅटरी त्यावर ठरवा, बिलावर नको.

किनारवाडी
हे आधीच लिहायला हवं होतं. सासूबाईंना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं, विजेवरचं मशीन) लागतो. सध्या सिलिंडर भरून ठेवतो, पण पावसात रात्री लाईट गेली की घरात कुणाला झोप लागत नाही.

जांभाचिरा
मग माझं मत बदललं. बॅटरी घ्या.

तारेवरचा_माणूस
मी इलेक्ट्रिशियन आहे, जरा नीट लिहितो.

घरगुती कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट ओढतो. रात्रीचे दहा तास धरले तर तीन ते साडेतीन युनिट. १५० एएचच्या एका ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात आणि ती रोज पूर्ण उतरवायची नसते. ती इथे पुरणारच नाही. पाच युनिटच्या आसपासची लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या, ५१.२ व्होल्ट १०० एएचची मिळते. एक रात्र निघेल आणि थोडी शिल्लक राहील. मशीनवर लिहिलेले वॅट मात्र बघून घ्या.

जांभाचिरा म्हणतात तसं दोन किलोवॅटच घ्या आणि वाचलेले पैसे हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरीत घाला. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६० हजार अनुदान आहे, तीनला ७८ हजार. ते पॅनेलच्या किलोवॅटवर मिळतं, बॅटरीचे पैसे आपल्यालाच घालायचे. पॅनेल डीसीआर म्हणजे देशी सेलचे हवेत आणि विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा, नाहीतर अनुदान नाही.

बॅकअपची वायरिंग वेगळी काढा. त्यावर कॉन्सन्ट्रेटरचा पॉइंट, दिवे, पंखे आणि फ्रिज. पंप त्यावर घेऊ नका. सुरू होताना तो काही पट करंट ओढतो आणि नेमक्या वेळी इन्व्हर्टर ट्रिप होतो. पाणी दुपारी चढवायची सवय लावा. टीओडी मीटर (वेळेनुसार दर लावणारा) बसला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला दरातही सवलत आहे.

एक गोष्ट कुणी कितीही सांगितली तरी करू नका. ऑन-ग्रिड सोलर घेऊन तो घरच्या जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडायचा. दोन्ही जळू शकतात.

आणि सिलिंडर काढून टाकू नका. पावसात लाईट नसताना दोन दिवस सूर्य दिसला नाही तर बॅटरीही पुरेशी भरणार नाही.

मालवणी_झील
वायच आणखी एक सांगतंय. खारो वारो लोखंड खाता. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) घेवा, नट-बोल्ट स्टेनलेस. गंज चढल्यार वादळात पॅनेल उडान जातत.

तारेवरचा_माणूस
अगदी बरोबर. जांभ्याच्या जमिनीत अर्थिंगही नीट बघा, उन्हाळ्यात ती कोरडी पडते आणि अर्थिंग निकामी होतं. खड्डा खोल हवा, वळवाच्या आधी मीटर लावून तपासा. विजा त्याच दिवसांत पडतात.

किनारवाडी
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन किलोवॅट, हायब्रिड, पाच युनिटची लिथियम, हे ठरलं. बॅटरी कुठे ठेवावी? माळ्यावर जागा आहे.

तारेवरचा_माणूस
माळ्यावर नको ताई, कौलांखाली मे महिन्यात फार तापतं आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. स्लॅबखालच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून दोन फूट वर. पाणी शिरायची भीती असेल तर तीन फूट.