संसार सांभाळून रोजचे ध्यान: आपले अनुभव लिहावेत

दांडियाबाजारकर
परवा अरविंद निवासावरून, म्हणजे श्रीअरविंदांच्या बडोद्यातल्या घरावरून, जाताना आजोबांची पहाट आठवली. पूजेच्या आधी ते माजघराच्या खिडकीखाली घोंगडीची चौपदरी घडी घालून बसत. आम्ही मुले उठून दंगा करू लागलो तरी त्यांची बैठक मोडत नसे, आणि आजी त्या वेळात त्यांना चहासुद्धा विचारत नसे. श्रीअरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोद्यात होते, हे आपण सगळेच जाणतो. पण सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनानंतर, जानेवारी १९०८ मध्ये, विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याने त्यांना याच शहरात तीन दिवस ध्यानाला बसवले होते, हे आजोबा आवर्जून सांगत. विचार बाहेरून येतात, ते आत शिरण्यापूर्वीच परतवावेत, असे लेल्यांनी सांगितले आणि श्रीअरविंदांचे मन त्या तीन दिवसांत निःशब्द झाले. माझ्या घरी सासूबाई आहेत, शाळेत जाणारी मुले आहेत आणि सकाळी डब्यांची घाई असते. अशा घरात ज्यांनी ध्यान टिकवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रावपुऱ्याहून
घड्याळातली वेळ ठरवू नका, घरातल्या कामाशी सांगड घाला. आमच्याकडे सकाळी नळाला पाणी येते. टाकी भरली, मोटर बंद केली की मी तिथेच स्वयंपाकघरातल्या पाटावर बसते. पाणी उशिरा आले तर ध्यानही उशिरा होते, पण चुकत नाही.

आनापान
मी इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले आहे. तिथे पहाटे चारला घंटा होते, मौन असते, आणि पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा नैसर्गिक श्वास पाहायचा असतो. तो मुद्दाम दीर्घ करायचा नाही, रोखायचाही नाही. गोएंका गुरुजींच्या परंपरेत घरी गेल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. खरी परीक्षा तिथे सुरू होते, कारण शिबिरात स्वयंपाक दुसरे करतात आणि फोन आपल्याजवळ नसतो. मला सकाळचा तास साधतो. संध्याकाळी मुलीचा अभ्यास असतो, म्हणून निजण्यापूर्वी अंथरुणावरच थोडा वेळ श्वास पाहते. एक गोष्ट फार उपयोगी पडली: मन भरकटले हे ध्यानात आले की स्वतःवर न चिडता, वरच्या ओठावर श्वासाचा जो हलका स्पर्श होतो, तिथे परत यायचे. पोळ्या लाटतानाही मन कुठे गेले आहे हे आता मला लवकर कळते, आणि मुलांवर आवाज चढण्याआधी एक श्वास मिळतो.

मांडवीकर
नवरात्रात मात्र वेळापत्रक वेगळेच ठेवावे लागते. गरबा खेळून उशिरा परतल्यावर पहाटेची बैठक म्हणजे बसल्या जागी झोप. त्या नऊ दिवसांत आम्ही दोघे दुपारच्या जेवणाआधी बसतो. भरल्या पोटी बसू नये, एवढे नक्की सांगेन. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्यावी, पाय जमिनीला टेकवावेत आणि पाठ ताठ ठेवावी. मांडी घातली नाही म्हणून ध्यानात काही उणे राहत नाही.

कारेलीबागेतली
आई गेल्यानंतर मी बसू लागले. डोळे मिटले की तिच्या आजारपणातल्या रात्री समोर उभ्या राहत, छाती भरून येई, आणि शांत होण्याऐवजी रडूच येई. त्या दिवसांत मला कुणी सांगितले असते तर बरे झाले असते, म्हणून इथे लिहिते: असे होते, आणि ते होऊ द्यावे, पण फार असह्य झाले तर डोळे उघडावेत, उठून चालावे, चालताना पावलांकडे लक्ष द्यावे. मी कमाटीबागेत सकाळी अशीच हळूहळू चालत असे. ज्यांच्यावर मनाच्या आजाराचे उपचार चालू आहेत, त्यांनी दीर्घ शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. औषध परस्पर बंद करू नये.

आनापान
कारेलीबागेतल्या ताई, तुम्ही हे लिहिलेत ते फार चांगले केलेत. शिबिराच्या अर्जातही अशा आजारांची माहिती विचारतात आणि ती लपवू नये.

दांडियाबाजारकर
सर्वांचे मनापासून आभार. रावपुऱ्याच्या ताईंप्रमाणे मीही कामाशी सांगड घालते: मुलांची रिक्षा गेली की लगेच बसायचे. फक्त सासूबाई त्याच वेळी देवघरात मोठ्याने स्तोत्रे म्हणतात आणि त्यांना थांबवणे मला योग्य वाटत नाही.

मांडवीकर
त्यांना मुळीच थांबवू नका, वहिनी. आवाज येतो आहे एवढेच जाणून पुन्हा श्वासावर यावे. आमच्या घराखाली दिवसभर भाजीवाल्यांच्या हाका चालतात, त्यातही बसता येते. शक्य असेल तर देवघरातच, त्यांच्या मागे आसन टाका. स्तोत्रे संपल्यावर त्याही जप करत तुमच्यासोबत बसतील, आमच्या आई अशाच बसू लागल्या.