सिंदखेडराजा निवांत बघायचंय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, आईबाबांना घेऊन सिंदखेडराजाला जायचंय. बरेच जण लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान बघतात, फोटो काढतात आणि लगेच लोणारकडे निघतात, पण मला गावच नीट बघायचंय. लखुजीरावांची समाधी, नीळकंठेश्वर मंदिर, मोती तलाव, पुतळा बारव हे सगळं चालत होतं का रिक्षा करावी लागते? बाबांचे गुडघे दुखतात त्यामुळे बारवेच्या पायऱ्या कितपत उंच आहेत तेही सांगा प्लीज. आणि माहिती सांगणारं कुणी स्थानिक मिळतं का, समाधीवरचं कोरीवकाम कुणीतरी समजावून सांगितलं तर खरी मजा. १२ जानेवारीला जयंतीची प्रचंड गर्दी असते म्हणून ते दिवस टाळतोय. मुक्काम गावातच करावा की जालन्यात?