त्रिकोण सरकवताना नेमकी घरं कुठून मोजायची?

मुलीला आलेख कागदावर ट्रान्सलेशन (आकृती न फिरवता सरकवणं) शिकवतेय आणि मीच अडकले. त्रिकोण आहे ए (1, 2), बी (4, 2), सी (2, 5), तो 5 घरं डावीकडे आणि 3 घरं वर सरकवायचा. तिने काढलाय तो आकाराने अगदी बरोबर आहे, वरची 3 पण जुळतात, पण पुस्तकाच्या मागे उत्तरात ए डॅश, म्हणजे सरकल्यावरचा ए, (-4, 5) दिलाय आणि तिचा आलाय (-7, 5). मी स्वतः मोजलं तर मधे 5च घरं दिसतात, मग चुकलं कुठे?

उत्तर 1
ताई, तुम्ही दोघी मधली मोकळी जागा मोजताय. जुन्या त्रिकोणाच्या डाव्या कडेपासून नव्याच्या उजव्या कडेपर्यंत 5 सोडली, पण त्रिकोण स्वतःच 3 घरं रुंद आहे ना, म्हणून तो खरा सरकला 8. ए पासून ए डॅशपर्यंतच मोजायचं, बी पासून बी डॅशपर्यंत, म्हणजे प्रत्येक बिंदूचा स्वतःचा प्रवास. तिला आधी आकृती विसरायला सांगा आणि फक्त तीन ठिपके हलवू द्या, एक्समधून 5 वजा, वाय मध्ये 3 मिळवा: (-4, 5), (-1, 5), (-3, 8). रेषा सगळ्यात शेवटी जोडायच्या.

प्रश्नकर्ती
अरे हो!! रुंदी लक्षातच नाही आली. पण पुढच्या गणितात कागद कोरा आहे, चौकटी नाहीत, नुसता एक तिरका बाण दिलाय. तिथे काय मोजणार?

उत्तर 2
तिथे बाणच सगळं सांगतो, किती आणि कुठल्या दिशेला. गुण्या बाणाला लावून पट्टीवरून सरकवत प्रत्येक शिरोबिंदूतून समांतर रेषा काढा, मग कंपासमध्ये बाणाची लांबी घेऊन त्या रेषेवर बाणाच्या टोकाच्या बाजूला कापा. बाण आकृतीला चिकटलेला नसतो, तो कागदावर कुठेही काढलेला असला तरी चालतो, इथे बरीच मुलं गोंधळतात आणि बाणाच्या टोकावरच आकृती नेऊन ठेवतात. तपासायला ए, बी, बी डॅश, ए डॅश जोडून बघा, समांतरभुज चौकोन यायलाच हवा (बाजू बाणालाच समांतर असेल तर मात्र सगळे एका रेषेत येतात).

उत्तर 3
वरचं बरोबर, पण मी म्हणेन आधी ट्रेसिंग पेपर द्या हातात. त्रिकोण आणि बाण दोन्ही गिरवायचे, मग कागद न फिरवता बाणाची शेपटी मूळ बाणाच्या टोकावर येईपर्यंत सरकवायचा, गिरवलेला बाण मूळ बाणाच्याच रेषेत राहिला पाहिजे. जरासुद्धा वळला की ते ट्रान्सलेशन राहत नाही, आणि हे हाताला एकदा कळलं की समांतर रेषा का काढायच्या हे वेगळं समजवावं लागत नाही.

प्रश्नकर्ती
ट्रेसिंगने केलं आत्ताच. तिने स्वतःहून विचारलं की आधी 3 वर आणि मग 5 डावीकडे गेलं तर चालेल का, करून बघितलं, तिथेच पोचला त्रिकोण. कोऱ्या कागदाचं गुण्याने उद्या करतो.