‘टेन्शन घेऊ नकोस’ ऐकूनच टेन्शन येतंय

जागीच_आहे:
सहावा महिना चालू आहे. सोनोग्राफी, रक्त, बीपी सगळं नॉर्मल. तरी पहाटे तीनला टक्क जाग येते आणि बाळ हलतंय का, ते बघत पोटावर हात ठेवून पडून राहते. हललं की हायसं वाटतं. पण लगेच मनात येतं, मी एवढी धास्तावते, त्याचा त्याला त्रास होत असेल. आधी एकदा नवव्या आठवड्यात गर्भपात झालाय. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. सगळ्यांचं एकच पालुपद: आनंदी राहा, बाळावर परिणाम होतो. आता मी नळ सोडून बाथरूममध्ये रडते. माझ्या ताणाने खरंच बाळाला काही होतं का? नुसता धीर नकोय, खरं सांगा.

पाळीवरची_सिस्टर:
प्रसूती विभागात नर्स आहे, म्हणून लिहिते. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन गरोदरपणात प्रत्येकीचंच वाढतं, शेवटच्या तिमाहीत तर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. वारेतलं एक एन्झाइम त्यातलं बरंचसं निष्प्रभ करतं. एखाद्या रात्री रडलात म्हणून बाळाचं काही बिघडत नाही. उपचारांविना महिनोन्‌महिने चाललेलं नैराश्य किंवा तीव्र चिंता मात्र वेगळी. अशा बायकांमध्ये वेळेआधी प्रसूती आणि बाळाचं कमी वजन जास्त दिसतं. जास्त दिसतं म्हणजे होणारच असं नाही. आणि त्यावर उपाय उपचार हाच, रडू गिळणं नव्हे.

पुढच्या तपासणीला नैराश्य ओळखायची ‘एडिनबरा’ प्रश्नावली मागा. ती १९८७ची आहे, बाळंतिणींसाठी केलेली, पण गरोदरपणातही चालते. गेल्या ७ दिवसांबद्दलचे १० प्रश्न, कमाल ३० गुण. १३ किंवा जास्त आले तर बहुतेक ठिकाणी पुढची तपासणी करतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर असेल, तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या; त्यांनीही माणूस असंच गळून जातं.

दोघींची_आई:
अगं, एक गेल्यानंतरची दुसरी खेप अशीच जाते. नववा आठवडा उलटला की भीती संपेल असं मलाही वाटलं होतं, संपली नाही. मी तपासणीच्या खोलीत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं, ‘रिपोर्ट नंतर बघा, मला झोप लागत नाही.’ समुपदेशन सुरू झालं. मला आधीपासून नैराश्याची गोळी होती. डॉक्टरांनी बजावलं, मनाने बंद करायची नाही, काय चालू ठेवायचं ते आम्ही ठरवू. आणि गेलेल्या बाळाबद्दल नवऱ्याशी तूच विषय काढ. तो गप्प आहे म्हणजे विसरलाय असं नसतं.

जागीच_आहे:
सिस्टर, प्रश्नावली मागते. ताई, नवऱ्याशी बोलायचं जमेल की नाही माहीत नाही, बघते. फक्त एक सांगा: हालचाल कळली नाही तर लगेच फोन करायचा, की मी उगाच घाबरतेय असं धरायचं?

पाळीवरची_सिस्टर:
पोटातलं बाळ झोपतं, बहुधा २० ते ४० मिनिटं, तेवढा वेळ शांत असणारच. साधारण २८व्या आठवड्यापर्यंत त्याची रीत तुमच्या लक्षात येईल. नेहमीपेक्षा कमी वाटलं, तर मात्र रात्रीचे तीन का असेनात, फोन करा. सकाळची वाट बघू नका. आम्ही त्यासाठीच जागे असतो.