वर्षवलय की वृद्धिवलय? आणि वलयांत दिसतो तो ‘दुष्काळ’ का?

पारंबी: खोडाच्या कापावर दिसणाऱ्या कड्यांना दोन्ही शब्द वापरलेले दिसतात. नेमका कुठला? आणि ‘वलयांवरून जुने दुष्काळ कळतात’ हे वाक्य चालेल?

रंधा: सरसकट ‘वृद्धिवलय’ लिहा. ‘वर्षवलय’ हा तपासणीनंतरचा निष्कर्ष आहे. सागाचंच बघा. वळवाच्या पावसावर पालवी फुटली आणि मृग कोरडा गेला, की वाढ अडते, पाऊस आल्यावर पुन्हा धरते. एका वर्षात दोन कड्या. हे ‘फसवं वलय’. खरं वलय मोठ्या छिद्रांच्या ओळीनं सुरू होतं, कड रेखीव असते. फसव्याची कड पुसट. उलट, फार कोरड्या वर्षी खोडाच्या एखाद्या बाजूला वलय धरतच नाही. म्हणून छातीच्या उंचीवर, समोरासमोरच्या दोन बाजूंनी, पोकळ गिरमिटानं साधारण 5 मिमी जाडीची कांडी काढतात. ती खाचेच्या पट्टीत चिकटवताना तंतू उभे हवेत. कांडी आडवी फिरली तर पॉलिशपेपर 120 पासून 600 नंबरपर्यंत मारला तरी कडा उठत नाहीत.

पारंबी: मग वलयं मोजून साल काढणं म्हणजे ‘गणना’?

रंधा: नाही, ‘जुळणी’. गणनेत एक वलय निसटलं की तिथून आतली सगळी सालं एकानं चुकतात. अनेक झाडांमधला रुंद-अरुंद क्रम एकमेकांवर बसवला की चूक कुठल्या कांडीत आहे ते उघडं पडतं. ही पद्धत बसवली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात ए. ई. डग्लस यांनी, आणि गृहस्थ मूळचे खगोलशास्त्रज्ञ!

ओलावा: जाता जाता: ‘वसंतकाष्ठ’ (वलयातलं हंगामाच्या सुरुवातीचं लाकूड) आणि ‘शरदकाष्ठ’ (हंगामाच्या अखेरचं) हे शब्द थंड देशांतल्या झाडांना ठीक. सागाला ‘पूर्वकाष्ठ’, ‘उत्तरकाष्ठ’ म्हणा.

आता दुष्काळाचं. ते वाक्य मी खोडेन. दुष्काळात धान्य, वैरण, भाव, मजुरी सगळं येतं. झाडाला यातलं काही कळत नाही. शिवाय आपल्याकडे ‘ओला दुष्काळ’ही असतो, म्हणजे शब्द दोन्हीकडे ओढला जातो. ‘अवर्षण’ जवळचं आहे, पण तेही पर्जन्यमापकाचं. झाडाला कळते ती मुळाशी असलेली ओल. आशियाई मोसमी प्रदेशाचा वृक्षवलयांवरून केलेला अवर्षण-नकाशासंग्रह 2010 मध्ये आला. त्यात सन 1300 ते 2005 पर्यंतच्या जून-ऑगस्टचा पामर निर्देशांक काढला आहे, आणि हा निर्देशांक म्हणजे जमिनीतल्या ओलीचा जमाखर्च. त्यात 1876–78 ची तूट ठळक दिसते. पण तेव्हाच्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं का मेली, याचं उत्तर वलयात नाही. ते सरकारी दप्तरात आणि धान्याच्या भावांत शोधावं लागतं.

पारंबी: म्हणजे ‘वलयांवरून ओलीची तूट कळते’?

ओलावा: उत्तम. शीर्षकात ‘अवर्षण’ चालेल, मजकुरात ‘ओलीची तूट’.

पारंबी: आणि बारीक कडीला ‘दुष्काळवलय’?

रंधा: नको, नुसतं ‘अरुंद वलय’. केरळच्या सागांवरून 1481 ते 2003 पर्यंतची मालिका तयार झाली आहे. त्याच केरळात पावसाळ्याच्या तोंडाला सागाची पानं फस्त करणारी अळीही येते. पानं गेली की भर पावसातही वलय बारीक राहू शकतं. कारण जुळणीनंतर ठरवायचं, नावातच ठरवून टाकायचं नाही.