कार्डाने पैसे दिले म्हणून कृषी केंद्राने दोन टक्के जास्त घेतले. असा चार्ज लावता येतो का?

प्रश्न (शेतकरी, दारव्हा तालुका)

नमस्कार. पेरणीच्या तोंडावर तालुक्याच्या एका कृषी केंद्रातून डीएपी, युरिया, बीटी कपाशीची पाकिटे आणि तणनाशक असा १८,४०० रुपयांचा माल घेतला. हाती रोकड नव्हती आणि पीककर्ज किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यात जमा झालेले होते, म्हणून तेच कार्ड स्वाइप मशीनला लावले. मशीनमधून निघालेल्या पावतीवर १८,७६८ रुपये होते, पक्क्या बिलावर मात्र १८,४००च. विचारल्यावर दुकानदार म्हणाले की बँक कार्डामागे दोन टक्के कापते आणि ते गिऱ्हाइकानेच द्यायचे असतात. माझ्यामागे उभ्या असलेल्या काकांनी क्यूआर स्कॅन करून पैसे दिले, तर त्यांच्याकडूनही दहा रुपये वरचे घेतले. मला भांडण करायचे नाही, कारण अडीअडचणीला हेच दुकान उधारीवर माल देते. पण नियम नेमका काय आहे हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (निवृत्त बँक अधिकारी, दर्यापूर)

दादा, आधी काकांच्या दहा रुपयांचे सांगतो, कारण त्यात शंकेला जागाच नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात २०१९ साली कलम १०अ घातले गेले आणि १ जानेवारी २०२०पासून यूपीआय, यूपीआयचा क्यूआर कोड व रुपे डेबिट कार्ड या मार्गांनी झालेल्या व्यवहारावर बँकेला पैसे देणाऱ्याकडूनही आणि घेणाऱ्याकडूनही काहीच आकारता येत नाही. म्हणजे ग्राहकाने आपल्या बँक खात्यातून यूपीआयने भरलेल्या पैशांमागे दुकानदाराचे काहीही कापले जात नाही. जे कापलेच गेले नाही, ते काकांकडून वसूल कशासाठी केले?

आता आपल्या कार्डाविषयी. नाव किसान क्रेडिट कार्ड असले तरी बहुतेक बँका त्या खात्यावर रुपेचे डेबिट कार्डच देतात, तेव्हा कार्डावर काय छापले आहे ते एकदा नीट पाहावे. ते रुपे डेबिट असेल तर वर सांगितलेलाच नियम लागू होतो आणि दुकानदारावर शून्य भार पडतो. दुसऱ्या एखाद्या कंपनीचे डेबिट कार्ड असते तरी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८पासून कमाल दर बांधून दिले आहेत: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या व्यापाऱ्याला मशीनवर ०.४० टक्के, त्याहून मोठ्याला ०.९० टक्के. मोठा व्यापारी धरला तरी १८,४०० रुपयांवर हे १६५ रुपये ६० पैसे होतात. आपल्याकडून घेतले ३६८. शिवाय हा खर्च व्यापाऱ्याने डेबिट कार्डाच्या ग्राहकावर ढकलू नये, याची खात्री बँकांनी करावी, असे त्याच आदेशात आहे. त्याआधी सप्टेंबर २०१३मध्येही रिझर्व्ह बँकेने असा आकार असमर्थनीय ठरवून अशा दुकानाशी बँकेने संबंध तोडावा, इथपर्यंत लिहिले होते.

उत्तर (कृषी केंद्र चालक, हिंगणघाट)

मी काउंटरच्या या बाजूला बसतो, म्हणून आमचीही बाजू मांडतो. यूपीआय आणि रुपे डेबिटवर पैसे लावणे चूकच आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. खरी कोंडी होते ती क्रेडिट कार्डाची. त्यावर डेबिटसारखी कमाल मर्यादा नाही. सुमारे दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे कापले जाते, आणि खताच्या थैलीत मुळात तेवढी मार्जिन राहतच नाही. तरीही मशीन घेताना बँकेशी जो करार होतो, त्यात कार्डवाल्या ग्राहकाकडून जादा रक्कम न घेण्याची अट असते, आणि आमच्यापैकी अनेकांनी तो करार न वाचताच सही केलेली असते.

माझ्या दुकानात तणनाशक व कीटकनाशकाचा छापील दरच कार्डाचा दर धरतो आणि रोखीने किंवा यूपीआयने घेणाऱ्याला त्यातून सूट देतो, तसे काउंटरवर लिहूनही ठेवले आहे. छापील किमतीच्या खाली किती यायचे हा दुकानदाराचा अधिकार आहे, वर जाण्याचा नाही. युरियावर मात्र अशी सूट देणे परवडत नाही, म्हणून तिथे मी ग्राहकाला यूपीआयचीच विनंती करतो.

उत्तर (वकील, ग्राहक चळवळीतील कार्यकर्ता, वाशीम)

बँकेच्या नियमांइतकाच महत्त्वाचा मुद्दा छापील किमतीचा आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५नुसार ठरलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त दराने खत विकता येत नाही. ४५ किलो युरियाची थैली २६६ रुपये ५० पैशांना असताना कार्डाच्या नावाने दोन टक्के चढवले, की ती २७१ रुपये ८३ पैशांना पडते, आणि जास्तीच्या रकमेला कोणते नाव दिले याने काही फरक पडत नाही. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमतही केंद्र सरकार ठरवते. तणनाशक छापील किमतीपेक्षा स्वस्त दिले असेल, तर तेवढ्या भागापुरता हा मुद्दा लागू होणार नाही, म्हणून बिलातील प्रत्येक दर पाकिटावरील छापील किमतीशी ताडून पाहावा.

आपल्या प्रकरणात सर्वांत ठोस पुरावा म्हणजे बिल आणि मशीनची पावती यांतील ३६८ रुपयांची तफावत. ही रक्कम बिलात दाखवलेलीच नाही, त्यामुळे तिच्यावरील जीएसटीचाही हिशेब झालेला नाही. दोन्ही कागदांचे आजच फोटो काढून ठेवा. मशीनच्या पावतीवरची छपाई उन्हाळ्यात फार लवकर उडते. पावतीच्या माथ्यावर ज्या बँकेचे नाव आणि खाली टर्मिनलचा क्रमांक असतो, त्या बँकेकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही तर त्या बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. लोकपाल दुकानदारावर थेट कारवाई करत नाही, हे लक्षात असू द्यावे. खताच्या दराची तक्रार पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे जाते, आणि दुकानदाराशी तडजोड हवी असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने बियाण्यांच्या प्रकरणात २०१२ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा "शेती हा धंदा आहे" या सबबीने कोणी टाळू लागला तर ऐकून घेऊ नये.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कार्ड पाहिले, रुपे आणि डेबिट, दोन्ही छापलेले आहे. दुकानदारांशी आधी शांतपणे बोलतो. आणखी एक विचारायचे होते. फवारणीचा पंप ऑनलाइन मागवताना, घरपोच आल्यावर रोख देणार म्हटले तर शेवटच्या पानावर वेगळा चार्ज जोडला गेला. हेही बेकायदा आहे का?

उत्तर (वकील, वाशीम)

तो चार्ज असणे एवढ्याने बेकायदा ठरत नाही. तो केव्हा दाखवला हे पाहावे लागते. रेल्वेचे ऑनलाइन तिकीट काढताना भीम यूपीआयने बिगर-एसीला १० व एसीला २० रुपये, तर इतर मार्गांनी १५ व ३० रुपये सुविधा शुल्क पडते, पण तो दर आधीपासून जाहीर आहे. याउलट सुरुवातीला एक किंमत दाखवायची आणि पैसे भरण्याच्या पायरीवर ती वाढवायची, हा प्रकार ३० नोव्हेंबर २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अनुचित व्यापारी प्रथा ठरवला आहे. पहिल्या आणि शेवटच्या पानाचे स्क्रीनशॉट असतील तर त्याच १९१५वर वेगळी तक्रार नोंदवा. कृषी केंद्राच्या तक्रारीत ही मिसळू नका.

उत्तर (निवृत्त बँक अधिकारी, दर्यापूर)

दुकानदारांशी बोलायला जाताना कार्डही सोबत न्या. ते रुपे डेबिट आहे हे दाखवून त्यांना स्वतःच्या बँकेचे मागील महिन्याचे स्टेटमेंट उघडायला सांगा. त्या व्यवहारापोटी बँकेने खरोखर काही कापले असेल, तर ते परत मागण्याचा हक्क त्यांचा आहे, आणि तो अर्ज त्यांनी बँकेकडे करावा. आपले ३६८ रुपये मात्र त्यांनीच परत द्यायचे आहेत.