ऊसतोड कामगारांच्या मुलीला हंगामात शाळाप्रवेश : सल्ला हवा

कृष्णाकाठ : शिरोळ तालुक्यातील आमच्या गावाबाहेर बीडकडील ऊसतोड मजुरांचा तळ पडला आहे. त्यातील दहा वर्षांची एक मुलगी गावी चौथीत होती. तिला येथील शाळेत घालण्यासाठी मी तिच्या वडिलांसोबत गेलो असता दाखला नाही, जन्माची नोंद नाही आणि वर्ष अर्धे सरले, अशी कारणे देऊन आम्हाला परत पाठवण्यात आले. दाखल्यासाठी वडील गावी गेले, तर कोयता (नवराबायकोची तोडणीची जोडी) बंद पडतो आणि मुकादमाची उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) फिटत नाही. कोणाकडे दाद मागावी?

निवृत्त केंद्रप्रमुख : यातील एकही कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यापुढे टिकणारे नाही. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम ५), वयाचा पुरावा नसल्यामुळे नाकारता येत नाही (कलम १४) आणि मुदत उलटली हेही कारण चालत नाही (कलम १५). तोंडी वाद घालण्यापेक्षा ही कलमे नमूद करून मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा व दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. लेखी नकार द्यायला सहसा कोणी धजावत नाही. तरीही अडल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटावे. कलम ३२ खालील तक्रारीच्या निकालाला तीन महिन्यांची मुदत आहे, आणि तेवढ्यात तुमचा हंगामच आटोपेल.

बीडचा मास्तर : मूळ शाळेतून नाव काढून दाखला आणण्याच्या भानगडीत मुळीच पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असते. ते तिच्या गावच्या मुख्याध्यापकांकडून मागवून घ्यावे, म्हणजे पटावरचे नाव कायम राहून ती तुमच्याकडे शिकू शकेल आणि चैत्रात परतल्यावर पुन्हा आपल्याच वर्गात बसेल. पुढील वर्षी गावातच हंगामी वसतिगृह (आईवडील तोडीला गेल्यावर मुलांच्या राहण्याची सोय) व्हावे, ही मागणी मात्र पालकांनी दसऱ्यापूर्वीच शाळा व्यवस्थापन समितीत मांडायला हवी. एकदा गाड्या निघाल्या की मागणी करायला गावात उरते कोण?

कृष्णाकाठ : दोघांचेही आभार. अर्ज उद्याच देतो. पण आईवडील पहाटेच फडात जातात आणि साडेतीन वर्षांच्या भावाला कोपीवर (तळावरच्या झोपडीत) हीच सांभाळते, त्याचे काय करावे?

निवृत्त केंद्रप्रमुख : खरी अडचण ही आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत घेतात, तेव्हा भावाचे नाव आधी तेथे घालावे. अंगणवाडी शाळेच्या आधी सुटते. त्या मधल्या वेळेत त्याला कोण सांभाळणार, हे सेविकाताई आणि मुलीच्या आईशी बोलून आजच ठरवा, नाहीतर प्रवेश मिळूनही मुलगी दुपारच्या सुट्टीनंतर वर्गात दिसणार नाही.